कांद्याचं बोट धरून संसदेत: नव्याने पाहणाऱ्यांसाठी वाटाड्या

संसद समजून घ्यायची म्हणून पुष्कळ जण राज्यघटनेचं पुस्तक उघडतात, कलम 79 पासून वाचायला लागतात आणि पाच-सहा कलमांनंतर पुस्तक मिटतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी तुमच्या घराला किंवा धंद्याला भिडणारा एकच विषय निवडा आणि तो संसदेत कुठे कुठे शिरतो ते बघत जा. वाटेत कलमं आपोआप भेटतात आणि लक्षातही राहतात. या लेखापुरता मी कांदा घेतो. तुम्ही रेल्वे घ्या, औषधांच्या किमती घ्या, भविष्य निर्वाह निधी घ्या. पायऱ्या त्याच राहतील.

पहिली पायरी: विषय दिल्लीचा की मुंबईचा?

हे आधी ठरवलं नाही तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या दारात होते. घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्यांची आणि दोघांची मिळून समवर्ती. कांद्याची गंमत अशी की तो तिन्ही याद्यांत विखुरलेला आहे. शेती ही राज्य सूचीतली 14 वी नोंद. बाजार आणि जत्रा ही 28 वी, म्हणून लासलगावची बाजार समिती चालते ती राज्याच्या 1963 च्या कायद्याने. खाद्यपदार्थांचा व्यापार समवर्ती सूचीत, 33 व्या नोंदीत. पण कांदा परदेशी निघाला की तो केंद्र सूचीच्या 41 व्या नोंदीत जातो आणि त्यावरचं निर्यात शुल्क 83 व्या.

त्यामुळे बाजार समितीतल्या तोलाईबद्दल खासदाराला धारेवर धरून उपयोग नाही. ते आमदाराला आणि पणन खात्याला विचारायचं. निर्यातबंदीबद्दल मात्र आमदार फार तर पत्र लिहू शकतो, निर्णय दिल्लीतच होतो. रस्त्यांचंही तसंच. मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय असल्यामुळे तो लोकसभेतला प्रश्न, आणि गावापासून तालुक्यापर्यंतचा रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा राज्याच्या बांधकाम खात्याचा.

दुसरी पायरी: तुमची माणसं ओळखा

संसद म्हणजे राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा असे तीन घटक मिळून. लोकसभेत निवडून आलेले 543 सदस्य, त्यांतले महाराष्ट्राचे 48 आणि गोव्याचे 2. राज्यसभेत 245 जागा: 233 राज्यांतून आणि काही केंद्रशासित प्रदेशांतून आमदारांनी निवडलेल्या, 12 राष्ट्रपतींनी नेमलेल्या. महाराष्ट्राचे तिथे 19, गोव्याचा 1. लोकसभा पाच वर्षांची, आणि त्याआधीही विसर्जित होऊ शकते. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि प्रत्येकाची मुदत सहा वर्षं असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1952 मध्ये मुंबई राज्यातून याच सभागृहात गेले होते.

लासलगावच्या शेतकऱ्याचा लोकसभेतला खासदार एकच, दिंडोरीचा. पण राज्यसभेतले 19 जणही महाराष्ट्राचेच प्रतिनिधी आहेत आणि त्यांच्याकडे जायला कुठल्याही मतदारसंघाची आडकाठी नाही. लोक हे विसरतात. लोकसभेचा खासदार सत्ताधारी बाकांवर बसून अडचणीचा प्रश्न विचारायला कचरत असेल, तर राज्यसभेतला दुसऱ्या पक्षाचा सदस्य गाठा.

शब्दांचा एक घोळ इथेच मिटवू. लोकसभेचे कामकाज चालवतात ते अध्यक्ष, राज्यसभेचे ते सभापती, आणि देशाचे उपराष्ट्रपती हेच राज्यसभेचे सभापती असतात. आपल्याकडे विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती असतात, तीच जोडी इथे लावा. जुन्या मराठी बातम्यांत लोकसभेच्या अध्यक्षांनाही सभापती म्हटलेलं आढळेल, तेव्हा गोंधळू नका. पहिले लोकसभा अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. पुढे लातूरचे शिवराज पाटील आणि मग मनोहर जोशी यांनीही ती खुर्ची सांभाळली.

तिसरी पायरी: एक पूर्ण दिवस बघा

अधिवेशनं साधारण तीन होतात: अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. घटना फक्त एवढंच म्हणते की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये. अधिवेशन बोलवणं सरकारच्या हातात असतं, आणि मला ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव वाटते. ज्याने जाब द्यायचा, तोच जाबाची तारीख ठरवतो.

आदल्या दिवशी संसदेच्या संकेतस्थळावर कामकाज पत्रिका येते. ती उतरवून घ्या आणि सकाळी अकराला संसद टीव्ही लावा. लोकसभेत 11 ते 12 प्रश्नोत्तराचा तास. त्यानंतर शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी तातडीचे विषय थोडक्यात मांडायचे. त्याच्या आसपास मंत्री उठून कागदपत्रं पटलावर ठेवतात, म्हणजे सभागृहासमोर अधिकृतपणे सादर करतात. हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडू नका. अहवाल, अधिसूचना, लेखे सगळं याच वेळी सभागृहाच्या मालकीचं होतं. दुपारी विधेयकं किंवा चर्चा. शुक्रवारी दुपारचा शेवटचा भाग अशासकीय कामकाजाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांचा आणि ठरावांचा. अशी 14 विधेयकं आजवर कायदा झाली, आणि 1970 नंतर एकही नाही.

राज्यसभेचा क्रम उलटा: 2014 च्या हिवाळी अधिवेशनापासून तिथे शून्य प्रहर आधी आणि प्रश्नोत्तराचा तास बारा वाजता. त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्नोत्तरांचे तास एकाच दिवशी लागोपाठ बघता येतात.

लोकसभा चालायला एक दशांश सदस्य हजर लागतात, म्हणजे 55. रिकामी बाकं दिसली की लगेच निराश होऊ नका. बरेचसे सदस्य समित्यांच्या बैठकीत असू शकतात. निराश व्हायचं ते पाचच मिनिटांत तहकूब झालेल्या सभागृहाकडे बघून, कारण त्या दिवशीचा प्रश्नोत्तरांचा तास परत मिळत नाही.

चौथी पायरी: प्रश्न वाचायला शिका

माझ्या मते संसदेची सगळ्यात धारदार आणि सगळ्यात दुर्लक्षित सत्ता इथे आहे.

प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित म्हणजे मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं आणि मग उपप्रश्नांना तोंड द्यायचं. लोकसभेत रोज असे 20 असतात. अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर, रोज 230 पर्यंत. तासाभरात तारांकितांतले सहा-सातच तोंडी होतात, उरलेल्यांची उत्तरं लेखी पटलावर येतात. किमान 15 दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीने ठरतं. म्हणजे विरोधी पक्षाच्या मागच्या बाकावरच्या पहिल्याच खेपेच्या खासदाराचा प्रश्न यादीत पहिला येऊ शकतो आणि कॅबिनेट मंत्र्याला त्याच्यासमोर उभं राहावं लागतं.

यातून काय घडू शकतं ते 1957 मध्ये दिसलं. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवले होते. ते प्रकरण फिरोज गांधींनी लोकसभेत लावून धरलं. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. न्या. एम. सी. छागला यांची चौकशी बसली आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. बिहारमधून निवडून जाणारे पुण्याचे मधू लिमयेही प्रश्न आणि नियम या दोन हत्यारांवरच सरकारला घाम फोडत.

आता कांद्याकडे येऊ. उत्तर शोधताना मंत्रालय बरोबर निवडा. निर्यातबंदी वाणिज्य मंत्रालयाकडे, राखीव साठा आणि किरकोळ भाव ग्राहक व्यवहार खात्याकडे, लागवड आणि उत्पादन कृषीकडे, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाकडे. संकेतस्थळावर मंत्रालय, सदस्याचं नाव किंवा शब्द टाकून शोध घेता येतो. माझी सवय अशी: एकाच विषयावरची तीन-चार वर्षांची उत्तरं उतरवून घ्यायची, तारखेप्रमाणे लावायची आणि आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. कोणता आकडा एका वर्षी दिला आणि पुढच्या वर्षी दिलाच नाही, हे असं लावल्यावरच कळतं.

उत्तराच्या शब्दांकडेही नीट बघा. ‘माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं वाक्य आलं की पुष्कळांना ती टाळाटाळ वाटते. पण संसदेच्या हिशेबात ते आश्वासन ठरतं. शासकीय आश्वासन समिती त्याची नोंद घेते आणि साधारण तीन महिन्यांत ते पुरं व्हावं अशी अपेक्षा असते. तुमच्या विषयात असं वाक्य सापडलं तर तारीख वहीत लिहा. तीन महिन्यांनी खासदाराला आठवण करून द्यायला तुमच्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही.

स्वतः प्रश्न सुचवायचा असेल तर खासदाराच्या कार्यालयाला अधिवेशनाच्या महिनाभर आधी एका पानाचं टिपण द्या. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत, मत न मागणारा, कोर्टात न अडकलेल्या विषयावरचा आणि केंद्राच्या अखत्यारीतला हवा. ‘सरकारला कांदा उत्पादकांची काळजी आहे का’ हा प्रश्न वाया जातो. ‘गेल्या तीन वर्षांत राखीव साठ्यासाठी कोणत्या राज्यातून किती कांदा, कोणत्या सरासरी दराने घेतला’ याला आकडेच द्यावे लागतात.

पाचवी पायरी: विधेयकाचा माग काढा

विधेयक मांडलं जातं, मग त्याच्या तत्त्वावर चर्चा, मग कलमवार विचार आणि दुरुस्त्या, मग शेवटची संमती. तेच सगळं दुसऱ्या सभागृहात. नंतर राष्ट्रपतींची सही. सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते मधल्या टप्प्यावर: विधेयक समितीकडे गेलं की नाही?

कृषी कायद्यांचं उदाहरण घ्या. 5 जून 2020 रोजी तीन अध्यादेश निघाले. संसद भरलेली नसताना सरकारला असं करता येतं, पण संसद भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी घ्यावी लागते. सप्टेंबरच्या अधिवेशनात, ज्यात कोविडमुळे प्रश्नोत्तरांचा तासच नव्हता, तिन्ही विधेयकं समितीकडे न जाता मंजूर झाली. त्यातलं एक अत्यावश्यक वस्तू कायद्यातल्या दुरुस्तीचं होतं आणि त्याचा कांद्याच्या साठ्यावरच्या मर्यादांशी थेट संबंध होता. 20 सप्टेंबरला राज्यसभेत दोन विधेयकांवर विरोधक मतविभाजन, म्हणजे मतांची मोजणी, मागत असताना आवाजी मतदान घेतलं गेलं, म्हणजे नुसत्या ‘हो’-‘नाही’च्या आवाजावर निकाल दिला गेला. वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले आणि 29 नोव्हेंबर 2021 ला कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना मंजूर झालं. तुम्ही त्या कायद्यांच्या बाजूने असा किंवा विरोधात, आणताना आणि काढताना दोन्ही वेळा सभागृहाने आपलं काम केलं नाही असं माझं मत आहे. समितीत शेतकरी, व्यापारी, राज्यं यांची साक्ष झाली असती तर बरंचसं भांडण तिथेच टेबलावर आलं असतं.

राज्यसभेची ताकद विधेयकाच्या जातीवर ठरते. साध्या विधेयकाला दोन्ही सभागृहांची संमती हवी. फारच अडलं तर संयुक्त बैठक, जी आजवर तीनच वेळा झाली: 1961, 1978 आणि 2002. धन विधेयक असेल तर राज्यसभेला फक्त 14 दिवस मिळतात आणि तिच्या शिफारशी लोकसभा नाकारू शकते. एखादं विधेयक धन विधेयक आहे का, हे लोकसभा अध्यक्ष ठरवतात. 2016 मध्ये आधारचा कायदा असाच आला आणि राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या. म्हणून नवीन विधेयक दिसलं की आधी ते कुठल्या प्रकारात मांडलंय ते बघा.

घटनादुरुस्तीला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, दोन्ही लागतात, आणि संयुक्त बैठकीची पळवाट नाही. महिला आरक्षणाचं विधेयक 1996 मध्ये पहिल्यांदा आलं, 2010 मध्ये राज्यसभेने मंजूर केलं, पण लोकसभेत अडकून 2014 च्या विसर्जनाबरोबर व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं. सप्टेंबर 2023 मध्ये नव्या इमारतीत ते लोकसभेत 454 विरुद्ध 2 आणि राज्यसभेत 214 विरुद्ध 0 असं पार पडलं.

याच्या तुलनेत एक गोष्ट मराठी माणसाने जरूर ध्यानात घ्यावी. राज्यांच्या सीमा बदलणं, नवं राज्य करणं याला कलम 3 प्रमाणे संसदेचं साधं बहुमत पुरतं. राज्याच्या विधिमंडळाचं मत विचारावं लागतं, मानावं लागत नाही. 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक नाकारलं, तरी तेलंगण झालं. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मंत्रिपद सोडलं ते याच सत्तेच्या वापरावरून. 1 मे 1960 चं महाराष्ट्र राज्य संसदेच्याच मुंबई पुनर्रचना कायद्यातून आलं, आणि 30 मे 1987 चं गोवा राज्यही संसदेच्याच कायद्यातून. रस्त्यावर 106 हुतात्मे झाले, पण नकाशावर रेघ मारण्याचा अधिकार त्या सभागृहाकडेच होता.

मध्येच एक सावधगिरी: सगळं संसदेत ठरत नाही

7 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली. त्या वेळी हिवाळी अधिवेशन चालू होतं, तरी त्यावर सभागृहात मतदान झालं नाही, कारण ते लागतच नव्हतं. संसदेने 1992 च्या विदेश व्यापार कायद्याने हा अधिकार सरकारला देऊन ठेवलेला आहे. त्याच्या चार महिने आधी, ऑगस्टमध्ये लावलेलं 40 टक्के निर्यात शुल्कही अधिसूचनेनेच आलं. अशा अधिसूचना पटलावर ठेवल्या जातात आणि दुय्यम विधिविधान समिती (कायद्याने दिलेल्या अधिकारातून सरकार जे नियम काढतं ते तपासणारी) त्यांच्यावर नजर ठेवते. तिसऱ्या पायरीत पटलावरच्या कागदांकडे लक्ष द्या म्हणालो ते यासाठी. शेतकऱ्याचं वर्षाचं गणित फिरवणारा कागद तिथून, कोणी काही न बोलता, निघून जाऊ शकतो.

सहावी पायरी: पैशाची वाट

1 फेब्रुवारीच्या भाषणावर सगळा देश बोलतो. खरी संसदीय परीक्षा त्यानंतर असते. घटनेप्रमाणे कायद्याशिवाय कर नाही, आणि संसदेच्या मंजुरीशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपयाही काढता येत नाही. प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे प्रस्ताव, लोकसभेसमोर येतात. सदस्य कपात सूचना देऊ शकतात: धोरणाला विरोध असेल तर मागणी 1 रुपयावर आणा म्हणायचं, एखाद्या तक्रारीकडे लक्ष वेधायचं तर 100 रुपये कमी करा म्हणायचं. पण चर्चेला मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्या येतात. ठरलेल्या दिवशी उरलेल्या सगळ्या एकदम मतास टाकल्या जातात, त्याला गिलोटिन म्हणतात. 2018 मध्ये तर गदारोळात एकाही मागणीवर चर्चा न होता सगळं मंजूर झालं. तुम्हाला हव्या त्या मंत्रालयाची मागणी चर्चेला लागली आहे का, हे मार्चमध्ये पत्रिकेत बघा.

सातवी पायरी: मत कोणी कसं दिलं

आवाजी मतदानात कोणाचं मत कुठे गेलं याची नोंद राहत नाही. मतविभाजन झालं तरच नावं छापली जातात. त्यातही 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याची खासदारकी जाऊ शकते. सरकार टिकवण्याच्या मतापुरतं मला हे पटतं. प्रत्येक विधेयकाला तेच लावल्यामुळे मात्र खासदार आपल्या मतदारापेक्षा प्रतोदाला, म्हणजे पक्षादेश काढणाऱ्याला, बांधला गेला आहे.

सरकार टिकण्याची सत्ता फक्त लोकसभेकडे. जुलै 1979 मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी अविश्वास ठराव मांडला आणि मतदानाआधीच मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270, एका मताने पडलं.

शेवटची पायरी: समितीला लिहा

खात्यांशी निगडित 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, आणि बहुधा म्हणूनच तिथे वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एकमेकांचं ऐकून घेतात. सरकारी खर्चाचा माग काढणारी लोकलेखा समिती वेगळी. महालेखापरीक्षकांचे अहवाल तिच्याकडे जातात आणि 1967 पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असतं.

समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण शिफारशीवर काय केलं ते सरकारला लेखी कळवावं लागतं, आणि त्याचाही अहवाल निघतो. कांद्यासाठी तीन समित्या बघायच्या: कृषी, ग्राहक व्यवहार आणि वाणिज्य. विधेयक किंवा विषय हाती घेतल्यावर समिती अनेकदा जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवते. मुदत थोडी असते, पंधरवड्यात संपते असंही होतं, म्हणून मजकूर आधीच तयार ठेवा. दोन-तीन पानं पुरतात. विधेयकावर लिहीत असाल तर कलमाचा क्रमांक, त्यातला कोणता शब्द बदलावा, बदलून काय लिहावं आणि तुमच्या अनुभवातला एखादा पुरावा: विक्रीच्या पावत्या, कांदाचाळीत सडलेल्या मालाची नोंद, कंटेनर बंदरात अडकल्याचे कागद. प्रत्यक्ष साक्ष द्यायची तयारी असेल तर तसं स्पष्ट लिहा.

भाषेची अडचण मनात धरू नका. सभागृहात खासदाराला आधी कळवून मराठीत बोलता येतं आणि भाषांतराची सोय असते. निवेदन मात्र इंग्रजी किंवा हिंदीत पाठवलेलं बरं. मूळ मराठी मजकूर सोबत जोडा, पाठवल्याची तारीख वहीत आश्वासनांच्या यादीखाली लिहा, आणि अहवाल पटलावर आला की परिशिष्टात तुमचं निवेदन नोंदलंय का ते शोधा.